पाळकांनीच चुकीच्या शिकवणीला मान्यता दिली तर विश्वासणाऱ्याने काय करावे?

‘विश्वास खरा असेल तर औषध लागत नाही’ असे शिकविणाऱ्या प्रचारकाला आपल्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, उपासनेत बोलाविले; आता त्यांच्याशी बोलावे, गप्प बसावे की मंडळी (चर्च) सोडावी, असे आपण विचारले आहे. मंडळी मी सोडली नाही, म्हणून त्याविषयी सांगू शकणार नाही. गप्प मात्र बसले होते.

अकरा वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातील आमच्या मंडळीत अशाच प्रचारकाची तीन दिवसांची उज्जीवन सभा झाली. शेवटच्या रात्री आमच्या पाळकांनी व्यासपीठावर येऊन त्याच्या संदेशाला ‘आमेन’ म्हटले. माझ्या आईचा त्या प्रचारकावर फारसा भरवसा नव्हता, पण पाळकांवर होता; तिच्या चारही मुलांचा बाप्तिस्मा त्यांनीच केला होता. दुसऱ्या दिवसापासून तिने मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आणि आम्हाला कळू दिले नाही. दीड महिन्यात पायाची जखम चिघळून दोन बोटे काढावी लागली. तिची स्वतःची आई मिरजेला, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात, परिचारिका होती, आणि तिची ही मुलगी खाटेवरून मला विचारीत होती, “माझा विश्वास कुठे कमी पडला?”

मी पाळकांकडे निघाले तेव्हा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीवर असलेल्या दादाने ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन ऐकवून मला परत फिरविले. ते वचन बायबलच्या स्तोत्र १०५ मधील आहे. तेथील अभिषिक्त, म्हणजे देवाने निवडलेले, ते अब्राहाम, इसहाक आणि याकोब, आणि ताकीद आहे ती राजांना; शिकवण पारखणाऱ्या सभासदाला नव्हे. आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला हात न लावणाऱ्या दाविदानेही गुहेबाहेर येऊन, त्याच्या सैन्याच्या देखत, त्याचा अन्याय त्याला सांगितला. अंत्युखियात प्रेषित पेत्राने तर तोंडाने काहीही खोटे शिकविले नव्हते. लोकांच्या भीतीने तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीतून उठला, त्याच्यामागे पौलाचा सोबती बर्णबाही ओढला गेला, आणि तेवढ्यावरून पौलाने त्याला सर्वांसमोर दोष दिला. पुढाऱ्याच्या नुसत्या उठण्या-बसण्यानेही माणसे वाहवतात, हे दादाने तेव्हाही मान्य केले नाही आणि आजही करीत नाही.

आपण आधी एकट्याने जा. प्रचारकाचे नेमके वाक्य लिहून न्या आणि पौलाने आपला सहकारी त्रफिम याला मिलेत येथे आजारी असताना मागे ठेवले, दुसरा सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, ही वचने त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी ऐकले नाही तर दोन-तीन साक्षीदारांसह जा, आणि ज्या व्यासपीठावरून मान्यता दिली तेथूनच ती मागे घेण्याची मागणी करा. अर्थात, पाळकांनी त्या प्रचारकाला पूर्वी ऐकलेच नसेल, हेही शक्य आहे. आणि संदेशातील एखादे चुकलेले वाक्य म्हणजे खोटी शिकवण नव्हे.

मात्र आपल्या मंडळीत कोणी औषध बंद केले असेल, तर पाळकांकडे जाण्यापूर्वी त्यांच्या घरी जा. आमच्या आईला त्या दीड महिन्यात गोळ्यांविषयी कोणीही विचारले नाही, मीही नाही.