आव्वाला बसवायचे प्रयोग

तुम्ही विचारलंय की आजी 84 वर्षांची आहे, दिवसभर तिचे हात चालूच असतात, तिला आता सक्तीनं बसवावं का, आणि आमच्याकडं असं कोणी होतं का. होतं की. आमची आजी, म्हणजे आव्वा, नव्वदी ओलांडून गेली, आणि तिला बसवायचे सगळे प्रयोग आमच्या घरात होऊन गेलेत.

जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. "मार्शल लॉच्या साली", म्हणजे इंग्रजांनी सोलापुरात लष्करी कायदा लावला तेव्हा, एवढंच सांगायची. सोलापुरातल्या त्या पिढीला तेवढं पुरायचं. म्हणजे 1930. पुढच्या जानेवारीत सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली तेव्हा ही पाळण्यात. रेशन कार्ड, मतदार यादी आणि दवाखान्याचा कागद, तिन्हीकडं तिची तीन वयं. जिथं जे सोयीचं ते पुढं करायची.

आजोबा मिलमध्ये होते, काही वर्षं तीही रीलिंग खात्यात होती. मिल बंद पडली तसे आजोबा खचले, चौकातल्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागले. आव्वानं गल्लीतल्या यंत्रमागवाल्याकडून सुताच्या लडी आणल्या आणि घरातच कांड्या भरायला सुरुवात केली. मागावर आडवा धागा नेतो तो धोटा, आणि त्यात बसते ती सूत गुंडाळलेली कांडी. ती सैल भरली की मागावर धागा गुंततो आणि विणकर शिव्या घालतो. आव्वाच्या कांडीला कधी शिवी बसली नाही. शेवटी शेवटी मोतीबिंदूनं डोळ्यांपुढं धुकं, पण चरखा फिरत असताना धागा तुटला की तिला आवाजावरनंच कळायचं. डाव्या हाताच्या दोन बोटांत दोन्ही टोकं पकडून, उजवा हात मुठीवरनं न काढता गाठ मारायची. मी किती वेळा जवळ बसून बघितलंय, मला ती गाठ आजही जमत नाही. चादरीचा लाल रंग तिच्या नखांतनं कधी गेला नाही.

काकांनी एकदा चरखा माळ्यावर टाकला. लोक काय म्हणतील, म्हातारीला राबवतात! दुसऱ्या दिवसापासून ती जेवण करून शेजारणीकडं जायला लागली आणि तिच्या चरख्यावर भरायला लागली. वर मजुरीतला वाटा शेजारणीला. आठवड्यात चरखा खाली आला. "अंग दुखतंय तर दुखू दे की," म्हणायची, "कांड्या भरून दुखलं तर सांगता तरी येतं. झोपून दुखलं तर काय सांगू?"

तिच्या आहाराबद्दल लोक फार विचारतात. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर तेलाची धार. चहा मोजायचा नाही. मिश्री तर ऐंशीपर्यंत लावत होती, तेव्हा आरोग्याचे धडे तिच्याकडनं घेऊ नका. माझं मत विचाराल तर तिला दोन गोष्टींनी उभं ठेवलं. एक, कमरेच्या पिशवीत स्वतःचे पैसे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत नातवंडांना पाळण्यात बसवायचं तर ती कुणापुढं हात पसरायची नाही. दुसरी म्हणजे पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी यायचं नाही, चार-पाच दिवसांनी यायचं, तेही कधी रात्री दोनला. वाड्यातली पाळी आव्वाच्या डोक्यात असायची. नळातनं हवेची फुसफुस ऐकू आली की ती काठीनं दारं ठोकत सुटायची. कुणाचं पिंप आधी, कुणाकडं बाळंतीण आहे म्हणून तिची घागर पुढं, हा निवाडा तिचाच. भांडणं व्हायची, पण वाड्यानं तिचं पद काढून घेतलं नाही. तिनं ते दिलंही नसतं.

तेव्हा तुमच्या आजीला बसवू नका. मात्र ज्यांची कुणीतरी वाट बघतंय अशीच कामं ठेवा. नुसतं मन रमवायला दिलेलं काम म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं, आणि राग येतो.

भीती कामाची नसते, पडण्याची असते. आव्वा चरख्यावर पडली नाही, काठी घेऊन दारं ठोकताना पडली नाही; पडली रात्री मोरीत, ओल्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर तिनं फार दिवस काढले नाहीत. मोरीत आणि संडासात भिंतीला धरायला दांडी आजच बसवून घ्या, शहाबादी फरशी गुळगुळीत झाली असेल तर टाचे मारून खरखरीत करून घ्या, रात्री तिथला दिवा चालू ठेवा. विळीवर खाली बसून चिरत असतील तर ओट्यापाशी उंच स्टूल द्या. आधी कुरकुर करतील, मग त्यावर दुसऱ्या कुणाला बसू देणार नाहीत.