काळ्या मातीतून काढलेल्या क्ले मिनरलवर (मातीतलं बारीक, थराथरांचं खनिज) टोल्युईनची, म्हणजे पेट्रोलमध्येही असणाऱ्या एका द्रवाची, वाफ किती चिकटते हे मोजायचं कसं? बीईटीचा (नायट्रोजन वायू चिकटवून काढलेल्या पृष्ठफळाचा) आकडा आहे, तो पुरेल का?

नाही पुरणार. बीईटी म्हणजे 77 केल्विनला नायट्रोजन, केओलिनाइटसाठी (ही न फुगणारी क्ले) ते ठीक आहे, पण तुम्ही म्हणताय क्ले काळ्या मातीतून काढलीय, म्हणजे बहुतेक स्मेक्टाइट (पाण्याने फुगणारी क्ले), आणि ती सुकवली की तिचे थर मिटतात, नायट्रोजन आत शिरतच नाही. शुद्ध माँटमोरिलोनाइटचं (हीसुद्धा एक स्मेक्टाइटच) एकूण पृष्ठफळ ग्रॅममागे 700-800 चौरस मीटर असतं आणि मशीन शंभरच्या आतलाच आकडा देतं. त्यामुळे टोल्युईनचं टोल्युईननेच मोजा.

व्हॅक्यूम मायक्रोबॅलन्स किंवा डीव्हीएस (दोन्ही वाफेत ठेवलेल्या नमुन्याचं वजन मोजणारी यंत्रं) मिळत असेल तर उत्तमच, वाफेचा दाब पायरीपायरीने वाढवायचा आणि वजन स्थिर झालं की नोंद करायची. नसेल तर हेडस्पेस जीसी (बाटलीतल्या हवेतली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफने मोजणं), बाटलीत सुकी क्ले, त्यात मोजून टोल्युईन सोडायचं, बूच लावून एकाच तापमानाला दिवसभर ठेवायचं आणि वरच्या हवेत किती उरलं ते बघायचं. क्ले नसलेली कोरी बाटली सोबत हवीच, कारण टोल्युईन रबराच्या बुचात मस्त मुरतं आणि तुम्ही ते क्लेच्या खात्यात टाकून बसता (टेफ्लॉन लावलेलं सेप्टम, म्हणजे बुचातली सुई टोचायची चकती, घ्या, साधं सिलिकॉन नको). साध्या बॅलन्सवर भागेल का, तर हिशोब करून बघा, 15 चौरस मीटरच्या केओलिनाइटवर टोल्युईनचा एक थर म्हणजे ग्रॅमला जेमतेम 5 मिलिग्रॅम, म्हणजे चौथ्या दशांशाच्या बॅलन्सवर होईल, पण कमी दाबाचे पॉइंट्स धड येणार नाहीत.

आता खरी गोम ओलाव्यात आहे, आणि पेपरांमध्ये नेमकं हेच अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं. खनिजाच्या पृष्ठभागाला पाणी फार आवडतं, ते आलं की बेन्झीन-टोल्युईनला जागा सोडावीच लागते. चिओ आणि शूप यांनी 1985 साली अमेरिकेतल्या वुडबर्न मातीवर हेच दाखवलं होतं, सुक्या मातीवर वाफ भरपूर बसते, आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास गेली की ती एवढी घसरते की पाण्यात बुडवलेल्या मातीसारखाच आकडा येतो, मग जे काही धरून ठेवतं ते मातीतलं सेंद्रिय द्रव्य. म्हणून नमुना 105-110 अंशांना व्हॅक्यूममध्ये रात्रभर डीगॅस करा (आधीच चिकटलेलं पाणी-वायू काढून टाका), उगाच खूप तापवू नका, आणि गार करताना हवेत उघडा ठेवू नका, पावसाळ्यात तर अजिबातच नाही. तुमचा प्रश्न पेट्रोलपंपाखालच्या जमिनीचा असेल तर मात्र सुका आयसोथर्म (एका तापमानाला दाबानुसार किती वाफ चिकटते त्याचा आलेख) दिशाभूल करेल, 30, 60 आणि 90 टक्के आर्द्रतेलाही मोजा.

तापमानही सांभाळा. 25 अंशांना टोल्युईनचा बाष्पदाब साधारण 28 मिमी पारा, अंशाअंशाला तो 5 टक्क्यांनी बदलतो, तेव्हा द्रव आणि नमुना यांच्यात एका अंशाचा जरी फरक पडला तरी सापेक्ष दाब (वाफेचा दाब भागिले तिचा बाष्पदाब) तेवढाच चुकतो आणि वरच्या टोकाला तर वाफ नळीतच द्रव होते. बीईटी समीकरण लावायचंच असेल तर 0.05 ते 0.30 सापेक्ष दाबामधलेच पॉइंट्स घ्या, अख्ख्या आयसोथर्मवर रेघ ओढू नका, गाइड कितीही म्हणाले तरी.

आणि हो, क्लेच्या थरांमध्ये सोडियम आहे की कॅल्शियम ते कळवा, त्यावर थर किती उघडतात ते ठरतं, मग पुढचं सांगता येईल.