स्किनच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन लिहून दिलीय, लग्नाआधी घेऊ की नको?

तुझा प्रश्न वाचला आणि आधी हसूच आलं, कारण माझी चिठ्ठी पण अशीच तीन आठवडे पर्समध्ये पडून होती. तू लिहिलंय वय २३, जबड्यावर आणि पाठीवर मोठ्या दुखऱ्या गाठी, दोन वर्षं ट्यूबा आणि डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन, अँटिबायोटिक गोळी) करून झालं, आता २० एमजीची आयसोट्रेटिनॉइन, म्हणजे पिंपल्सची कॅप्सूल दिलीय, नेटवर साइड इफेक्ट वाचून झोप उडालीय, आणि घरचे म्हणताय वर्षभरात लग्न करायचंय, असल्या गरम गोळ्या नको, पुढे मूल होणार नाही. तर मी डॉक्टर नाही. अमळनेरची आहे, नोकरी जळगावला, २४ व्या वर्षी हीच कॅप्सूल दहा महिने घेतली, आता ३१. मुलगी तीन वर्षांची आहे, मागे सोफ्यावर उड्या मारतेय, हे आधीच सांगते म्हणजे ते मूल न होण्याचं टेन्शन बाजूला ठेवून पुढचं वाचशील. माझ्या एकटीच्या लेकीवरून काही सिद्ध होत नाही म्हणा, पण मला डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं की कॅप्सूल बंद केल्यावर महिनाभरात औषध अंगातून जातं, नंतरच्या बाळाला त्याचा त्रास होत नाही.

पण घरचे घाबरतात ते उगाच नाही, फक्त भीती चुकीच्या जागी आहे. कॅप्सूल चालू असताना दिवस राहिले तर ते भयंकर आहे, एखादी कॅप्सूल पोटात गेली असली तरी. बाळाचा चेहरा, कान, हृदय, मेंदू यात व्यंग येऊ शकतं, गर्भपात होऊ शकतो. म्हणून सुरू करायच्या एक महिना आधीपासून, चालू असेपर्यंत, आणि बंद केल्यावर आणखी एक महिना दिवस राहायलाच नको. अमेरिकेत तर २००६ पासून यासाठी वेगळी नोंदणीच आहे, प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह दाखवल्याशिवाय बाईला औषध मिळत नाही. आपल्याकडे ते सगळं डॉक्टरवर आणि आपल्यावर.

आता माझा सीन ऐक. आई बाजूला बसलेली, डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, पाळी कधी आली, प्रेग्नन्सीचा काही चान्स? मी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं मग पायाकडे. आईचा पदर तोंडाला. बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत गप्प आणि मग एकदम अहिराणीत सुरू, "माय वं, हाऊ काय इचारस पोरले!" मला तेव्हा डॉक्टरांचा राग आला होता, आज वाटतं की त्यांनी विचारलं तेच बरं. तुझ्या डॉक्टरांनी हे विचारलंच नसेल, टेस्ट सांगितली नसेल, तर तू स्वतः विषय काढ, आणि आईला बाहेर बसव. खोटं बोलायची पाळी येऊ देऊ नको, कुणाचं काय चालू आहे ते डॉक्टरांच्या केबिनमध्ये राहतं.

बाकीचे साइड इफेक्ट नेटवर एका ओळीत लिहिलेले असतात ना, ओठ फाटणे, लिव्हर, डिप्रेशन, केस, डोळे, सगळं एकाच मापाने, तिथेच माणूस गोंधळतो. ते सारखे नाहीत गं. काही जवळपास सगळ्यांना होतात पण नुसते त्रासदायक, काही रक्ताच्या रिपोर्टमध्येच दिसतात, आणि एक-दोन क्वचित होतात पण झाले तर थांबायचंच.

ओठ. हे होणारच, धरून चाल. औषध व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं आहे, तेलाच्या ग्रंथी आकसवतं, म्हणून पिंपल्स जातात आणि म्हणूनच सगळं कोरडं पडतं. मी सुरू केली ऑक्टोबरात, म्हणजे ऐन भरिताच्या सीझनला. डिसेंबरमध्ये मामाच्या मळ्यात भरीत पार्टी, काड्यांवर भाजलेली वांगी, कुटलेल्या हिरव्या मिरच्या, कळण्याची भाकरी, आणि माझे दोन्ही ओठांचे कोपरे चिरलेले. पहिला घास घेतला आणि डोळ्यातून जे पाणी आलं, मामी म्हणे मिरची जास्त झाली का. मी दही-भाकरी खाऊन उठले. खानदेशात राहून दही-भाकरी, सांग आता! त्या दिवसापासून साधी पेट्रोलियम जेली चार ठिकाणी ठेवली, पर्स, ऑफिसचा ड्रॉवर, उशी, स्कूटीची डिक्की. सुगंधी रंगीत बाम नको, ते जास्त चुरचुरतात. नाकाच्या आत पण बोटाने थोडी लावायची नाहीतर सकाळी नाकातून रक्त येतं. लेन्स लावत असशील तर चष्म्यावर ये, डोळे कोरडे होतात. रात्री गाडी चालवताना अंधुक वाटलं तर डॉक्टरांना सांग, ते पण होतं कधी कधी. आणि ऊन, त्याबद्दल काय सांगू, भुसावळला मे महिन्यात ४५ पर्यंत जातं तुला माहीतच आहे, सनस्क्रीन, सनकोट, स्कार्फ, तिन्ही. मी मार्चपासून दुपारी बाहेर पडणंच बंद केलं.

आणखी एक, पहिल्या महिन्यात पिंपल्स वाढू शकतात. माझे वाढले. आजी रोज हनुवटी धरून विचारायची, "तुन्हा तोंडले काय व्हयनं व?" मी दोनदा बंद करायला निघाले होते. फार वाढलं, ताप आला, गाठी फुटून जखमा व्हायला लागल्या तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं, नाहीतर साधारण दुसऱ्या महिन्यापासून उतार पडतो.

रक्ताचं मात्र मनावर घे. सुरू करण्याआधी लिव्हर आणि लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, मग महिना-दोन महिन्यांनी परत. माझ्या लिव्हरला काही झालं नाही, पण त्या चरबीतलं ट्रायग्लिसराइड १५० च्या आत पाहिजे ते २४० आलं. आणि गंमत बघ, ही कॅप्सूल तेल-तूप असलेल्या जेवणासोबतच नीट लागू पडते, रिकाम्या पोटी घेतली तर बरीचशी वाया जाते. मी ते ऐकून खूश, शेवभाजीवर तर्री ओतून घ्यायचे आणि वर म्हणायचे औषधासाठी खातेय. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, बाई, चमचाभर तूप पुरतं. तर्री बंद केली, रात्रीचं तळलेलं बंद केलं, पुढच्या वेळी १६० वर आलं. दारूचा प्रश्न असेल तर या काळात नकोच, लिव्हरवर आधीच काम टाकलंय.

डॉक्सीची उरलेली पाकिटं घरात असतील तर बाजूला काढ. ही आणि डॉक्सी एकत्र घ्यायची नाही, डोक्यातला दाब वाढू शकतो, जोरात डोकं दुखणं, उलटी, दिसायला गडबड. व्हिटॅमिन ए असलेली मल्टीव्हिटॅमिन पण नको. गाजर खा बिनधास्त.

मूडबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरवतात. मोठ्या अभ्यासांत सरसकट सगळ्यांचं डिप्रेशन वाढतं असं दिसत नाही, उलट चेहरा सुधारला की बऱ्याच जणांचं मन पण सुधारतं, पण एखाद्याला होऊ शकतं म्हणून इशारा पाकिटावर असतो आणि तो हलक्यात घ्यायचा नाही. मला चौथ्या महिन्यात दोन आठवडे विनाकारण रडू यायचं. औषधामुळे का त्याच वेळी मोडलेल्या स्थळामुळे, मला आजही सांगता येणार नाही. मी रूममेटला आधीच सांगून ठेवलं होतं की मी वेगळी वागले तर सांग, तिनेच ओढत डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तीन आठवडे थांबवली, मग परत सुरू. तू पण कुणाला तरी सांगून ठेव. आधी डिप्रेशनची ट्रीटमेंट झाली असेल तर लपवू नको. आणि जीव नकोसा वाटायला लागला तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद, डॉक्टरांना फोन, आणि रात्री-बेरात्री कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात.

आता लग्नाचं गणित. पुस्तकी हिशोब असा की पूर्ण कोर्सला वजनाच्या दर किलोला १२० ते १५० एमजी. माझं वजन तेव्हा ५० किलो, म्हणजे कमीत कमी ६००० एमजी, रोज २० ने ३०० दिवस, झाले दहा महिने. काही डॉक्टर डोस वाढवून पाच-सहा महिन्यांत संपवतात, काही कमी डोसवरच ठेवून चेहरा साफ झाल्यावर थोडे दिवस पुढे नेऊन थांबवतात. तुझं काय ठरवलंय ते विचार, कारण त्यावरून तारीख काढता येते. मध्येच लग्न आलं तर चालतं, पण तेव्हा खात्रीची साधनं वापरायची, शक्यतो दोन प्रकारची, आणि होणाऱ्या नवऱ्याला हे माहीत पाहिजे. सासरी "गोड बातमी कधी" सुरू व्हायला आपल्याकडे दोन महिने पण लागत नाही. आणि पार्लरवालीला आधीच सांग, कोर्स चालू असताना आणि नंतर सहा महिने वॅक्सिंग नाही, कातडीचा वरचा थर काढणारं केमिकल पील नाही. माझ्या भुवयांचं थ्रेडिंग करताना दोऱ्यासोबत कातडीच निघाली होती.

तू विचारलंय फायदा जास्त का तोटा. माझं म्हणणं, तू तोटा कशाशी तुलना करतेय ते बघ. साफ चेहऱ्याशी केली तर कुठलंच औषध घेऊ नये. पण तुझ्या गाठी खोल आहेत, दुखतात, खड्डे पडायला लागलेत असं तूच लिहिलंय, आणि खड्डे कॅप्सूलने भरत नाहीत, नवे पडायचे थांबतात फक्त. कॅप्सूलच्या आधी मी जे वर्ष वाया घालवलं त्यात काय केलं माहितीये? शेजारच्या काकूंनी मेडिकलवरून आणलेली ट्यूब लावली, आठ दिवसांत चेहरा काचेसारखा, सगळे विचारायला लागले काय लावते. चार महिन्यांनी कातडी लाल, पातळ, गालावर लव, आणि ट्यूब थांबवली की दुप्पट फोड. आत स्टेरॉइड होतं. तेव्हा त्या ट्यूबला घरात कुणी "नको" म्हटलं नव्हतं, भीती सगळी या कॅप्सूलची. डाव्या जबड्यावरचे माझे तीन खड्डे त्याच वर्षातले आहेत.

पण सुरू करण्याआधी एक बघून घे, तुझी पाळी अनियमित आहे का, हनुवटीवर केस येतात का. जबड्यावरचे पिंपल्स कधी पीसीओडीचे (बायकांच्या हार्मोनच्या गडबडीचे) असतात, तिथे हार्मोनच्या गोळ्या किंवा पुरुषी हार्मोनला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोन असे दुसरे रस्ते आहेत, आणि हार्मोनचं मूळ तसंच राहिलं तर कोर्स संपल्यावर परत येण्याची शक्यता जास्त. एरवी पण काही जणांना दुसरा कोर्स लागतोच. मला लागला नाही, पाळीच्या आधी एखादा येतो, जातो.

रक्तदान शिबिरात कुणी आग्रह केला तर कोर्स संपून महिना होईपर्यंत नाही म्हण, ते रक्त गरोदर बाईला गेलं तर. आणि उरलेल्या कॅप्सूल कुणाला देऊ नको. माझी वहिनी, चेहऱ्यावर दोन फोड, म्हणे तुला एवढा फरक पडला, दे ना एक पाकीट. मी कपाटातून काढून तिच्या हातात दिलं पण होतं. मग सहज विचारलं, वहिनी, पाळी आली का या महिन्यात? ती म्हणे चार दिवस पुढे गेलीय. मी पाकीट परत ओढून घेतलं, ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. माझा भाचा आता सहावं पूर्ण करेल.

तुझा लिपिडचा रिपोर्ट आला की आकडा इथेच खाली लिही, आणि पाळीचं काय ते पण. पाठीवरच्या गाठी डॉक्टरांना दाखवल्यास का नुसता चेहरा दाखवून आलीस? मी लाजून पाठ दाखवलीच नव्हती पहिल्या वेळी.