वाचकांचे प्रश्न : कचरा वेगळा द्यावा, पण कशासाठी?

प्रश्न : घंटागाडी आली की आम्ही ओला आणि सुका कचरा वेगळा देतो, परंतु दोन्ही एकाच कप्प्यात पडताना दिसतात. मग घरात दोन बादल्या ठेवण्याचा उपयोग काय? जुन्या ट्यूबा, सेल आणि बाळाचे डायपर कोठे टाकावेत?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपला वैताग रास्त आहे, तरीही बादल्या एकत्र करू नयेत. आमटीत भिजलेला पुठ्ठा भंगारवालाही घेत नाही आणि काचा मिसळलेल्या खरकट्याचे खत कोणताही शेतकरी शिवारात पसरू देणार नाही. बेळगाव शहराचा कचरा तुरमुरी गावाजवळच्या कचरा डेपोत जातो. कोणत्याही कचरा डेपोत ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला, की मिथेन वायू तयार होतो आणि काळे पाणी जमिनीत मुरते. त्याचा त्रास शेजारच्या गावांना होतो, ही गोष्ट आपण शहरवासीयांनी मनावर घ्यायला हवी.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरणाची जबाबदारी नागरिकांवर टाकली, तशीच वेगळा दिलेला कचरा वेगळाच नेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. त्यामुळे गाडीचा क्रमांक, दिवस आणि वेळ नमूद करून लेखी तक्रार द्यावी व तिची पोच अवश्य घ्यावी. गाडीवरील कामगाराशी मात्र वाद घालू नये. कप्पे नसलेली गाडी त्याने मागितलेली नसते.

डायपर कागदात घट्ट गुंडाळून स्वतंत्र द्यावेत. ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून ती न फोडता पुठ्ठ्यात गुंडाळावी आणि सेलप्रमाणेच घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी. चार्जर, मोबाइल अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावेत, कारण तांब्यासाठी वायरी जाळल्या, तर विषारी धूर होतो.

प्रश्न : आमच्या गावात गाडी रोज येत नाही. पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिक जाळले तर चालेल का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : मुळीच नाही. प्लास्टिक धुऊन, वाळवून पोत्यात साठवावे. ते वास मारत नाही, त्यामुळे गाडी येईपर्यंत राहू शकते. कर्नाटकातील अनेक ग्रामपंचायतींत सुका कचरा गोळा करण्याचे काम महिला बचत गट करतात; आपल्या गावाची व्यवस्था पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) विचारावी. पाचोळ्याचे खत उत्तम होते. मात्र आपल्याकडच्या पावसात खड्डा पाण्याने भरतो, म्हणून जमिनीवरच विटांचा हौद रचून त्यावर पत्रा टाकावा.