जपानी मैत्रिणीच्या लग्नाची भेट फुरोशिकीत, म्हणजे वस्तू बांधायच्या जपानी चौकोनी कापडात, बांधून द्यायची आहे. नक्ष्यांना खरंच अर्थ असतात का? हिरवी वेलाची फुरोशिकी चोरांची असते, हे खरं का?

अर्थ असतात. आसानोहा ही भांगेच्या पानाची नक्षी. ते झाड सरळ आणि भराभर वाढतं, म्हणून तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर ती असायची. किक्को म्हणजे कासवाची पाठ, दीर्घायुष्य. सुटलेला बाण परत फिरत नाही म्हणून बाणाच्या पिसांची यागासुरी नवरीच्या सामानात.

पण मी लिहायला बसले ते त्या हिरवीसाठी. टोकियोत निशी-कासाईला राहत असताना आमच्या वयस्कर घरमालकीणबाईंनी मला त्यांच्या लग्नातली हिरवी कराकुसा, म्हणजे वेलाच्या नक्षीची फुरोशिकी, दिली. केवढी मोठी! तिच्यात त्यांच्या माहेरून गाद्या बांधून आल्या होत्या. वेल कुठे तुटत नाही, चहूकडे पसरत जाते. घर तसं वाढावं, हा त्यातला आशीर्वाद. पुण्यात घरच्या कार्यक्रमात मी त्याच कापडात आहेर बांधून नेला, तर भावोजी सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, हे चोराचं गाठोडं!" ते जपानी कार्टून बघतात, त्यात चोराच्या पाठीवर हेच असतं. पण का असतं? मेजी काळापासून (१८६८ ते १९१२) ही फुरोशिकी इतकी खपली की घरोघरी एक तरी असायचीच. चोर रिकाम्या हाताने यायचा आणि त्याच घरातली फुरोशिकी काढून माल बांधून न्यायचा, असं तिथे सांगतात. म्हणजे कापड घरातल्या माणसांचंच. भावोजींना हे तेव्हाच सांगितलं, त्यांना अजून पटलेलं नाही. आईबापांनी मुलीला दिलेल्या वस्तूला चोराची म्हणणं मला आजही सहन होत नाही.

तेव्हा बेधडक कराकुसा घ्या. हिरवी नको वाटली तर तीच वेल लाल रंगातही मिळते. गडद निळा, राखाडी टाळा, ते रंग दुःखाच्या प्रसंगाचे. जांभळा दोन्हीकडे चालतो. साधारण ७० सेंटिमीटरची फुरोशिकी एका मध्यम खोक्याला पुरते.

हो, एक राहिलंच. रीतीप्रमाणे भेट देताना फुरोशिकी आपण सोडायची, वस्तू हातात द्यायची आणि कापड घडी करून परत न्यायचं. हल्ली कापडासकटही देतात. तसं देणार असाल तर आधी सांगा, नाहीतर ती बिचारी धुऊन परत करायला येईल. आणि लग्नाच्या हॉलवर बहुतेक पाहुणे पाकिटातून पैसेच देतात, म्हणून खोकं तिच्या घरी नेऊन द्या.