वाचकांचे प्रश्न : बेवनच्या मेंढ्या आणि घरपट्टीचं बिल

गेल्या अंकात ब्रिटनच्या आरोग्यसेवेवर लिहिताना अन्युरिन बेवनला मी ‘खाणीतून आलेला मंत्री’ एवढ्या तीन शब्दांत उरकलं होतं. त्यावर वेल्सबद्दल इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. त्यातली चार निवडली.

बेवन अस्सल वेल्श. तरी वेल्सच्या वेगळ्या प्रश्नांवर संसदेत चर्चा झाली तेव्हा त्यानेच तिची टर उडवली, असं वाचलं. हे खरं का? — एक निवृत्त शिक्षक

खरं आहे. ऑक्टोबर 1944. वेल्ससाठी खास राखून ठेवलेला संसदेतला तो पहिलाच दिवस. बेवनने उभं राहून विचारलं, वेल्समधली मेंढी इंग्लंडमधल्या वेस्टमोरलंडच्या नाहीतर स्कॉटलंडच्या मेंढीपेक्षा वेगळी कशी? त्याचा मुद्दा असा की कोळसा, शेती, बेकारी यांना सरहद्द कळत नाही. खाणकामगाराचं दुखणं इंग्लंडच्या डरहॅममध्ये तेच आणि वेल्समध्येही तेच. मग ‘वेल्श प्रश्न’ म्हणून वेगळी चूल कशाला?

हा माणूस दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांतल्या ट्रेडेगार गावचा. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो खाणीत उतरला. वडील वेल्श बोलणारे, पण मुलाला ती भाषा आली नाही. पूर्वेकडच्या त्या खोऱ्यांत इंग्रजीने तोवर बस्तान बसवलं होतं.

त्याच पक्षात दुसरा खाणकामगार होता जिम ग्रिफिथ्स, लानेलीचा खासदार. त्याची मातृभाषा वेल्श, थोरला भाऊ खाणकामगार आणि कवी. 1945 नंतर दोघेही मंत्री झाले. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत आधार देणाऱ्या राष्ट्रीय विम्याची घडी ग्रिफिथ्सने बसवली, आरोग्यसेवा बेवनने उभी केली आणि दोन्ही गोष्टी 5 जुलै 1948 या एकाच दिवशी सुरू झाल्या. वेल्ससाठी मंत्रिमंडळात स्वतंत्र मंत्री हवा, हे मात्र ग्रिफिथ्सने कधी सोडलं नाही. ते पद निर्माण झालं 1964 साली आणि पहिला मानकरी तोच ठरला. बेवन तोवर हयात नव्हता.

माझं मत विचाराल तर बेवनच्या मेंढ्यांचा युक्तिवाद अर्धाच बरोबर होता. ट्रेडेगारला कामगारांची स्वतःची वैद्यकीय मदत संस्था होती. पगाराच्या दर पौंडामागे काही पेन्स कापले जायचे, त्यातून डॉक्टर, औषधं, चष्मे, दात सगळं भागायचं. आम्ही इथे केलं तेच आता साऱ्या देशाला देतो आहे, अशा अर्थाचं बोलणं खुद्द बेवनचं म्हणून सांगितलं जातं. पण ती संस्था सभासदांची होती. डॉक्टर कोण नेमायचा हे गावातली समिती ठरवायची, आणि त्या समितीवर बसूनच बेवन राजकारण शिकला. देशभर सेवा पोचली, ती चालवणारी समिती मात्र मागे राहिली. खाणींचंही तेच. 1 जानेवारी 1947 ला खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या आणि खाणीखाणीवर पाट्या लागल्या, ही खाण आता जनतेच्या वतीने राष्ट्रीय कोळसा मंडळ चालवतं. झेंडे लागले, बँड वाजले. व्यवस्थापक बहुतेक ठिकाणी कालचेच होते!

ही समितीची संस्कृती कशी होती ते पाहायचं असेल तर कार्डिफजवळ सेंट फेगन्सचं लोकजीवन संग्रहालय गाठा. 1948 साली उघडलेलं. गावोगावच्या जुन्या इमारती दगड-दगड सुट्या करून इथे आणून पुन्हा उभ्या केल्या आहेत. ओकडेल गावची 1917 मधली कामगार संस्थेची इमारतही आता तिथे आहे. खाली वाचनालय, समितीची खोली, वर सभागृह. लोक थेट सभागृहात जातात. मी समितीच्या खोलीत रेंगाळले. लांब टेबल, भोवती खुर्च्या, बस्स. पण खोऱ्यातलं निम्मं सार्वजनिक आयुष्य अशाच टेबलांभोवती ठरत होतं.

कार्डिफ वेल्सची राजधानी पूर्वापार आहे का? — एक विद्यार्थिनी

नाही. 20 डिसेंबर 1955 पासून. कार्नार्व्हन आणि अॅबरिस्टविथ ही नावंही शर्यतीत होती. गंमत अशी की त्याच सुमाराला वेल्सला स्वतःची संसद द्या म्हणून सुमारे अडीच लाख सह्या गोळा झाल्या होत्या. संसद नाही, राजधानी घ्या!

पॉल रोब्सन फोनवरून वेल्समध्ये गायला, ही दंतकथा म्हणायची का? — एक संगीतप्रेमी

दंतकथा नव्हे. तारीखही आहे, 5 ऑक्टोबर 1957. रोब्सन हा कृष्णवर्णीय अमेरिकी गायक, डाव्या विचारांचा. अमेरिकेने 1950 मध्ये त्याचा पासपोर्ट काढून घेतला होता. दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांचा स्वतःचा आइस्टेडफॉड, म्हणजे गायन-काव्याच्या स्पर्धांचा मेळा, पोर्थकॉलला 1948 पासून भरत असे. त्यांनी त्याला बोलावलं. त्याला येता येईना. अटलांटिकखालून टेलिफोनची केबल आदल्याच वर्षी पडली होती. त्या तारेवरून तो न्यूयॉर्कहून गायला, आणि सभागृहातल्या हजारोंनी त्याला उलट गाऊन उत्तर दिलं. पुढच्या वर्षी पासपोर्ट मिळाल्यावर तो एब्बू व्हेलला भरलेल्या राष्ट्रीय, म्हणजे साऱ्या वेल्सच्या, आइस्टेडफॉडला प्रत्यक्ष आला. तिथला खासदार बेवनच.

या राष्ट्रीय आइस्टेडफॉडला 1950 पासून, कायरफिलीच्या मेळ्यापासून, कडक नियम होता : व्यासपीठावर फक्त वेल्श. इंग्रजी बोलणाऱ्या खोऱ्यांना तो जाचायचा. पण 1931 साली वेल्श येणारे शंभरात जवळजवळ 37 होते, 1951 ला 29 सुद्धा उरले नाहीत. ते आकडे समोर असताना संयोजकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

घरपट्टीचं बिल वेल्शमध्ये हवं म्हणून एका जोडप्याने घरातलं सामान जप्त होऊ दिलं, हे अति नाही का? — एक गृहिणी

तुमचा ‘अति’ मला समजतो. आधी हकिगत ऐका. ट्रेव्हर आणि आयलीन बीझली. तो खाणकामगार, ती शिक्षिका. 1952 मध्ये लानेलीजवळ लानगेनेखला त्यांनी छोटं घर घेतलं. ग्रामीण परिषदेचं घरपट्टीचं बिल आलं, इंग्रजीत. त्यांनी लिहून कळवलं, वेल्शमध्ये पाठवा, लगेच भरतो. आता हे बघा : गावात दहातले नऊ जण वेल्श बोलणारे आणि परिषदेचे सभासदही वेल्श बोलणारेच. म्हणजे बिल पाठवणारा आणि घेणारा रस्त्यात भेटले तर वेल्शमध्येच बोलणार. कागद तेवढा इंग्रजी.

परिषद हटेना. डझनाहून जास्त वेळा कोर्ट झालं. बेलिफ, म्हणजे कोर्टाचे जप्ती करणारे लोक, येऊन सामान उचलून नेत. पियानो गेला, टेबल-खुर्च्या गेल्या. घरात लहान मुलं होती, आणि उचललेल्या सामानाची किंमत थकबाकीपेक्षा कितीतरी जास्त. पैशाचा हिशेब मांडला तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. पण पैसे नाहीत असं ते एकदाही म्हणाले नाहीत, आणि तिथेच परिषदेची पंचाईत झाली. थकबाकीदाराला दमात घेता येतं. भरायला तयार असलेल्याचं काय करायचं?

1960 साली द्विभाषिक बिल आलं आणि त्यांनी ते भरलं. एकाही मोठ्या पक्षाने हा प्रश्न आठ वर्षांत हाती घेतला नव्हता. फेब्रुवारी 1962 मध्ये वेल्श नाटककार आणि राष्ट्रवादी साँडर्स लुईसने बीबीसीवरच्या वेल्श व्याख्यानात या घराचंच उदाहरण दिलं : असं करा, पण एकेकट्याने नको, संघटितपणे. त्याच ऑगस्टमध्ये लानगेनेखपासून काही मैलांवरच्या पोन्टार्डूलाइस गावी वेल्श भाषा संघटना स्थापन झाली, आणि तरुण मंडळी कोर्टाची समन्ससुद्धा वेल्शमध्ये मागू लागली.