लोकसंख्येच्या मानाने डॉक्टर सर्वांत सहज कोणत्या देशात मिळतात? भारत यात कुठे आहे?

नुसता आकडा हवा असेल तर क्युबा. तिथे दर हजार लोकांमागे ८ हून अधिक डॉक्टर नोंदले गेले आहेत. १९८४ पासून त्यांनी वस्तीवस्तीत फॅमिली डॉक्टर बसवला. खाली दवाखाना, वर त्याचंच बिऱ्हाड. पण या मोजणीतले कितीतरी डॉक्टर सरकारी करारावर व्हेनेझुएलासारख्या देशांत काम करत आले आहेत, अलीकडे बरेच जण देश सोडून गेलेत, आणि औषधांचाही तिथे मोठा तुटवडा आहे. म्हणून ‘हजारी किती’ यावर मी फार भिस्त ठेवत नाही.

मला जास्त बोलकी वाटते ती स्वीडन आणि जपानची तुलना. स्वीडनमध्ये मी नोकरीनिमित्त राहते. इथे हजारी ४ हून जास्त डॉक्टर, जपानमध्ये साधारण अडीच. तरी जपानी माणूस वर्षाला सरासरी १२ वेळा डॉक्टरकडे जातो आणि स्वीडिश माणूस तीनदासुद्धा नाही! जपानमध्ये १९६१ पासून सगळ्यांना आरोग्यविमा आहे, दर सरकार ठरवतं, बहुतेकांना खर्चाचा ३० टक्के वाटा भरावा लागतो आणि कानाच्या किंवा हाडांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात कुणाच्या चिठ्ठीशिवाय थेट जाता येतं. गर्दी मात्र इतकी की तपासणी दोन-चार मिनिटांत उरकते.

स्वीडनमध्ये ताप आला की आधी ११७७ या आरोग्यसल्ल्याच्या नंबरला फोन. नर्स बारकाईने विचारते आणि बहुधा घरीच विश्रांती घ्यायला सांगते. गरज वाटली तरच आरोग्य केंद्राची वेळ मिळते. प्राथमिक तपासणी तीन दिवसांत आणि तज्ज्ञाची भेट ९० दिवसांत, अशी कायद्याची हमी आहे, पण तज्ज्ञाच्या बाबतीत ती पुष्कळदा पाळली जात नाही. गल्लीतल्या दवाखान्यात नंबर लावून तासाभरात औषध घेऊन घरी येणाऱ्या आपल्या माणसांना हे सुरुवातीला फार जड जातं. मलाही गेलं. पण त्या नर्सवर आता माझा पूर्ण विश्वास आहे.

भारताचं सांगायचं तर सरकारने २०२२ च्या आकड्यांवरून ८३४ लोकांमागे एक डॉक्टर असा हिशोब दिला होता. त्यात ५.६५ लाख आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी वगैरे) डॉक्टर धरलेले होते. तेव्हाच्या नोंदणीकृत १३.०८ लाख ॲलोपॅथी डॉक्टरांपैकी ८० टक्के प्रत्यक्ष काम करतात असं मानलं, तर नुसते ॲलोपॅथीचे हजारी पाऊणच भरतात. आणि तेही शहरांत दाटलेले. पुण्यातल्या एखाद्या रस्त्यावर ओळीने पाट्या दिसतात, पण गडचिरोलीच्या आतल्या गावातून विशेषज्ञ गाठायला दिवस मोडतो.

सगळ्यात मोठी तूट तिथेच आहे. देशातल्या ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन यांची गरजेच्या मानाने सुमारे ८० टक्के कमतरता असल्याचं केंद्र सरकारचीच २०२१-२२ ची आकडेवारी सांगते. माझ्या आत्तेबहिणीचं बाळंतपण अडलं तेव्हा तालुक्याच्या रुग्णालयात सिझेरियन करणाऱ्या डॉक्टर हजर होत्या, पण भूलतज्ज्ञ नव्हता. तिला कळा सुरू असताना ॲम्ब्युलन्सने जिल्ह्याला न्यावं लागलं. दोघं सुखरूप आहेत. पण त्या तालुक्याच्या हजारी आकड्यात ही अडचण कुठेच दिसत नाही. तेव्हा दोन देशांची तुलना करताना, रात्री दोन वाजता अडलेल्या बाईचं सिझेरियन किती अंतरावर होऊ शकतं, हे आधी शोधा असं मी सुचवेन.